ओल्या गंजीतली सळई : रसायनांच्या उष्णतेची परीक्षा



'माझे आई-बाबा काय काम करतात' या विषयावर मागे वर्गात पाच-पाच वाक्ये लिहायची होती. एका मुलाने लिहिले, "माझी आई रसायने तापवते आणि ती फुटतात का ते बघते." सगळा वर्ग हसला. ती आई म्हणजे मीच. वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर होते, पण अर्धेच होते. पुढचे अर्धे वाक्य असे हवे होते : "म्हणजे कारखान्यात, गोदामात किंवा ट्रकमध्ये ती कधीच फुटू नयेत." बाई म्हणाल्या, आता ते अर्धे वाक्य तुम्हीच पूर्ण करा. म्हणून हा पाठ.

आजोबांची सळई

लहानपणी सुट्टीत आम्ही आजोळी जात असू. गोठ्याच्या मागे गवताची मोठी गंजी असे. एका वर्षी अवकाळी पाऊस पडला आणि थोडे ओले गवत तसेच गंजीत रचले गेले. आठ-दहा दिवसांनी आजोबांनी एक लांब लोखंडी सळई आणली, गंजीच्या पोटात खुपसली आणि तासाभराने बाहेर काढून हाताने चाचपली. टोक चांगलेच गरम लागले. त्यांनी लगेच गड्याला हाक मारली आणि संध्याकाळपर्यंत सगळी गंजी मोडून गवत अंगणभर पसरले.

मी विचारले, "आजोबा, कोणी काडी लावली नाही, मग गवत गरम कसे झाले?" ते म्हणाले, "ओले गवत दाबून ठेवले की आतल्या आत तापते. वेळेवर मोकळे केले नाही तर पेट घेते."

आजोबा शाळेत फार शिकले नव्हते, पण त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. ओल्या गवतात सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्यांच्यामुळे उष्णता तयार होते. गंजी बरीच तापली की जंतू मरतात, पण तोवर गवताची हवेतल्या प्राणवायूशी रासायनिक क्रिया सुरू झालेली असते. ती उष्णता आतच कोंडते. शेवटी काडी न लावताही गंजी पेटू शकते.

मी आज प्रयोगशाळेत जे करते ते म्हणजे सळई खुपसून बघणेच. फक्त सळईच्या जागी महागडी यंत्रे आली आहेत.

उष्णतेचा जमाखर्च

काही रसायने नुसती ठेवली तरी हळूहळू मोडत असतात. याला विघटन म्हणतात. बऱ्याच रसायनांच्या विघटनात उष्णता बाहेर पडते. पदार्थाच्या वहीत ही उष्णता 'जमा' होते. डब्याच्या भिंतीतून जी उष्णता बाहेरच्या हवेत निघून जाते ती 'खर्च' होते. जमेइतकाच खर्च असेल तर पदार्थ शांत राहतो. जमा जास्त झाली तर शिल्लक उष्णतेने पदार्थ आणखी तापतो.

आता गंमत अशी की जमा आणि खर्च एकाच रीतीने वाढत नाहीत. खर्च सरळ चालीने वाढतो. पदार्थ बाहेरच्या हवेपेक्षा जितके अंश जास्त गरम, तितका खर्च जास्त. जमा मात्र दामदुप्पट वाढते. साधारण हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढले की पुष्कळ रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. राजाचे कोठार कसे रिकामे झाले ते आठवा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बाहेरची हवा २० अंश सेल्सिअस आहे. पदार्थही २० अंशांवर असताना जमा २ एकक आहे आणि ती दर १० अंशांना दुप्पट होते. खर्च दर अंशाच्या फरकाला १ एकक आहे.

पदार्थ ३० अंश : जमा ४, खर्च १०
पदार्थ ४० अंश : जमा ८, खर्च २०
पदार्थ ५० अंश : जमा १६, खर्च ३०
पदार्थ ६० अंश : जमा ३२, खर्च ४०
पदार्थ ७० अंश : जमा ६४, खर्च ५०

साठ अंशांपर्यंत खर्च पुढे आहे. म्हणजे पदार्थ चुकून तापला तरी आपोआप थंड होईल. सत्तरला जमा खर्चाच्या पुढे गेली. आता पदार्थ स्वतःच तापत जाणार, जितका तापेल तितका आणखी वेगाने तापणार. उधळलेला बैल जसा कासऱ्याने आवरत नाही, तशी ही क्रिया मग हाताबाहेर जाते.

हा जमाखर्च गणिताच्या भाषेत नीट मांडला तो रशियन शास्त्रज्ञ निकोलाय सेम्योनोव्ह यांनी १९२८ साली. पुढे १९५६ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भांडे मोठे, धोका मोठा

आईने वाटीत वाढलेले वरण लवकर निवते, पण पातेल्यातले बराच वेळ गरम राहते. का बरे? उष्णता फक्त बाहेरच्या पृष्ठभागातून निघते, पण तयार मात्र सगळ्या पदार्थात होते.

एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. आता १० सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठभाग ६००, घनफळ १०००. म्हणजे दर घन सेंटिमीटरच्या वाट्याला आधी ६ चौरस सेंटिमीटर 'खिडकी' होती, ती आता ०.६ उरली. एक मीटर बाजूचा घन घेतला तर ती ०.०६ होते. माणसे तितकीच दाटीने बसलेली आणि खिडक्या कमी होत गेलेल्या!

म्हणून प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत जे रसायन गरीब गाईसारखे वागते, तेच दोनशे लिटरच्या पिंपात किंवा मोठ्या टाकीत तसे वागेल असे समजू नये. वरच्या उदाहरणात भांडे मोठे करून खर्च निम्मा केला तर ५० अंशांना जमा १६ आणि खर्च १५ होतो. धोक्याची रेघ साठाच्या पलीकडून पन्नासाच्या अलीकडे आली. रसायन तेच आहे, फक्त भांडे बदलले.

परीक्षा कशी घेतात?

प्रयोगशाळेत ही परीक्षा सहसा तीन पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी म्हणजे चिमूटभर पदार्थाची परीक्षा. या यंत्राला डी.एस.सी. म्हणतात. हे तंत्र १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पर्किन-एल्मर कंपनीत तयार झाले. दोन इवल्याशा डब्या असतात. एकीत काही मिलिग्रॅम, म्हणजे साखरेच्या काही कणांइतके, रसायन घालतात आणि दुसरी रिकामी ठेवतात. दोन्ही डब्या एकाच वेगाने, उदाहरणार्थ मिनिटाला ५ किंवा १० अंश, तापवतात. रसायन मोडू लागले की उष्णता बाहेर पडते आणि आलेखावर डोंगर दिसतो. डोंगर कुठे सुरू झाला आणि किती मोठा आहे, ते आम्ही मोजतो.

पण इथे एक सापळा आहे. पदार्थ चिमूटभर असतो आणि तापवणे भरभर होते, त्यामुळे सुरुवातीची मंद क्रिया यंत्राला दिसत नाही. आलेखावर डोंगर २०० अंशांना सुरू झाला म्हणून पदार्थ १९० अंशांपर्यंत सुरक्षित आहे, असे मुळीच नाही. पूर्वी 'डोंगराच्या १०० अंश खाली राहिले की झाले' असा एक ठोकताळा वापरत. तोसुद्धा प्रत्येक पदार्थाला पुरतोच असे नाही.

दुसरी पायरी म्हणजे धीराची परीक्षा. या यंत्राला ए.आर.सी. म्हणतात. ते १९७० च्या दशकात डाऊ कंपनीत विकसित झाले. धातूच्या पोकळ गोळ्यात काही ग्रॅम रसायन ठेवतात. यंत्र ते थोडे तापवते, थांबते आणि बघते. पदार्थ स्वतःहून तापतो आहे का? मिनिटाला अंशाचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ अंश, इतकी बारीक वाढही त्याला कळते. वाढ नसेल तर आणखी थोडे तापवायचे, पुन्हा थांबायचे, पुन्हा बघायचे. वाढ दिसली की यंत्र भट्टीचे तापमान पदार्थाच्या तापमानाबरोबर वाढवत नेते. त्यामुळे उष्णतेला बाहेर जायला वावच राहत नाही, खर्च शून्य होतो. मोठ्या टाकीच्या पोटात जे घडेल ते या छोट्या गोळ्यात दिसते. दाब किती चढतो तेही कळते.

तिसरी पायरी आपल्या घरातल्या थर्मासची. संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेत ही परीक्षा दिलेली आहे. अर्ध्या लिटरच्या थर्माससारख्या भांड्यात सुमारे ४०० मिलिलिटर रसायन भरतात आणि ते एका ठरावीक तापमानाच्या कपाटात ठेवतात. मग सात दिवस वाट बघायची. त्या सात दिवसांत रसायन कपाटापेक्षा ६ अंश किंवा त्याहून जास्त तापले, तर ते तापमान धोक्याचे. तापले नाही तर नवा नमुना घेऊन ५ अंश वर पुन्हा तीच परीक्षा. ज्या सर्वांत कमी तापमानाला रसायन असे ६ अंश वर चढते, त्याला 'स्वयंवर्धी विघटनाचे तापमान' म्हणतात. तो आकडा ५० किलोच्या पेटीसारख्या साठ्याला लागू पडेल अशा बेताने भांडे निवडलेले असते.

आपल्या काल्पनिक उदाहरणातही हे तापमान सापडते. बाहेरची हवा ३० अंश असेल तर पदार्थ ४० ला पोचल्यावर खर्च १० आणि जमा ८, म्हणजे तो सावरतो. बाहेरची हवाच ४० अंश असेल तर? पदार्थ ५० ला असताना खर्च १०, जमा १६. साठला खर्च २०, जमा ३२. खर्च कधीच पुढे जात नाही. अशा गोदामात तो पदार्थ ठेवायचाच नाही.

हा आकडा हाती आला की नियम ठरतात. तो ३५ अंशांपेक्षा जास्त असेल तर वाहतुकीत त्याच्या १० अंश खाली राहायचे आणि ५ अंश खाली येताच आणीबाणी समजायची. आकडा २० ते ३५ च्या दरम्यान असेल तर १५ अंश खाली राहायचे, आणि २० किंवा त्याहून कमी असेल तर पूर्ण २० अंश खाली. या दोन्ही प्रकारांत १० अंश खालीच आणीबाणी सुरू होते.

परीक्षा अर्धी राहिली तर

फ्लोरिडात जॅक्सनव्हिल येथे टी-टू लॅबोरेटरीज नावाचा छोटा कारखाना होता. तिथे पेट्रोलमध्ये मिसळायचे एक रसायन बनत असे. १९ डिसेंबर २००७ रोजी १७५ वी खेप चालू असताना रिअ‍ॅक्टर थंड होईना. क्रिया हाताबाहेर गेली आणि स्फोट झाला. चार माणसे दगावली आणि ३२ जखमी झाली. जखमींपैकी बहुतेक जण आजूबाजूच्या दुकाना-कचेऱ्यांत काम करणारे होते. त्यांचा त्या रसायनाशी काही संबंध नव्हता.

अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने तपास करताना तीच कृती छोट्या प्रमाणात यंत्रात तपासली. आलेखावर दोन डोंगर निघाले. पहिला डोंगर कारखान्याला माहीत असलेल्या क्रियेचा होता. दुसरा त्याहून मोठा होता. तो सोडियम धातू आणि ज्या द्रवात सगळे कालवले होते तो द्रव यांच्यातला होता आणि सुमारे १९९ अंशांना सुरू होत होता. रोजच्या कामात पाणी सोडून थंड करायला सुरुवात होत असे सुमारे १८२ अंशांना. म्हणजे मध्ये उरले फक्त १७ अंश. थंड करायला पाण्याची दुसरी सोय नव्हती. शिवाय आधीच्या खेपांपेक्षा खेपेचा आकार एक-तृतीयांशाने वाढवलेला होता. पातेल्यातले वरण आठवते ना?

त्या कृतीची खेप १७४ वेळा पार पडली होती. 'इतके दिवस काही झाले नाही' हा पुरावा नव्हे, हे मुलांनो, वहीत लिहून ठेवा. मंडळाने नंतर अशी शिफारस केली की अशा धोकादायक क्रियांचा अभ्यास रासायनिक अभियांत्रिकीच्या शिक्षणातच असावा.

वीज गेली तर

दुसरी गोष्ट टेक्सासमधली. ह्यूस्टनजवळ क्रॉस्बी येथे आर्केमा कंपनीचा कारखाना होता. तिथे प्लॅस्टिक बनवताना लागणारी सेंद्रिय पेरॉक्साइडे बनत. यांपैकी काही इतकी नाजूक असतात की नेहमीच्या हवेतसुद्धा ती स्वतःहून तापतात. म्हणून ती शीतगृहात ठेवावी लागतात.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ आले. कारखान्यात पाणी भरले, वीज गेली, पर्यायी जनरेटरही पाण्याखाली गेले. कर्मचाऱ्यांनी माल शीतगृहांतून काढून थंड ट्रेलरांत हलवला. पुढे पाणी वाढले आणि ट्रेलरही बंद पडले. आता करण्यासारखे काही उरले नव्हते. पण रसायनाचे तापमान कुठवर चढू द्यायचे नाही, हे परीक्षेमुळे माहीत होते. त्यामुळे पुढे काय होणार हे आधीच कळले. भोवतालच्या दीड मैलाच्या परिसरातून दोनशेहून अधिक लोकांना घरे सोडायला सांगण्यात आले. ३१ ऑगस्टला पहिला ट्रेलर पेटला. एकूण नऊ ट्रेलर जळाले. त्यांतले शेवटचे सहा मुद्दाम पेटवून संपवले. धुरामुळे २१ जणांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. त्यांत मदतीला आलेले लोकही होते. जीवितहानी मात्र झाली नाही.

परीक्षेने आग टळली नाही, पण माणसे वेळेवर बाजूला झाली. पुराचा विचार मात्र आधीच आणखी कसून व्हायला हवा होता. थंडी हाच ज्या रसायनाचा पहारेकरी आहे, तिथे पहारेकऱ्याला एकटे ठेवू नये.

कपाटातला कागद

तिसरी गोष्ट आपल्या न्यू जर्सीतली. ८ एप्रिल १९९८ रोजी पॅटरसनच्या मॉर्टन कंपनीत पिवळा रंग बनवताना रिअ‍ॅक्टरमधली क्रिया हाताबाहेर गेली. स्फोट आणि आग झाली, नऊ जण जखमी झाले. तपासात असे दिसले की हा रंग जास्त तापला तर स्वतःच मोडतो, ही गोष्ट कंपनीच्या संशोधकांना ठाऊक होती. पण कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी जी माहिती तयार केली होती तिच्यात ती आलीच नव्हती.

हे वाचले की मला माझी एक जुनी चूक आठवते. अमेरिकेत येण्यापूर्वी मी कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. एका ओल्या, गाळलेल्या रसायनाची परीक्षा मीच घेतली होती. 'चाळीस अंशांच्या वर साठवू नये' असा अहवाल मी छान इंग्रजीत टाइप करून घेतला, सही केली आणि फाइल कपाटात लावली. काम संपले असे मला वाटले.

मे महिना होता. कोणीतरी त्याच रसायनाचे एक पिंप वाफेच्या पाइपाशेजारी सरकवून ठेवले. संध्याकाळच्या पाळीला आमचे एक जुने ऑपरेटर आले. त्यांना सगळे तात्या म्हणत. शेजारून जाताना त्यांनी सवयीने पिंपावर हात ठेवला. ते म्हणाले, "बाई, हे पिंप पाइपाकडच्या बाजूला गरम आहे ते ठीक. पण दुसऱ्या बाजूलाही कसे गरम?" मी धावत जाऊन फाइल काढली. तोवर तात्यांनी सगळ्यांना लांब केले होते, वाफ बंद केली होती आणि दुरून पिंपावर बाहेरून पाण्याचा फवारा सुरू केला होता. त्या रात्री काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या मला शांतपणे म्हणाले, "बाई, चाळीसचा आकडा तुम्हाला माहीत होता. आम्हाला सांगितला असता तर पिंप तिथे ठेवलेच नसते." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. मी रंगाचा डबा आणला आणि गोदामाच्या भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिले : "हा माल ४० अंशांच्या वर नेऊ नका. पिंप हाताला गरम लागले तर लांब व्हा आणि लगेच कळवा." तो माझा खरा अहवाल. ज्याला धोका आहे त्याला त्याच्या भाषेत, समजेल अशा शब्दांत सांगितले, तरच परीक्षा पूर्ण होते.

पालकहो, आपण मुलांना शनिवारची झोप मोडून मराठी शिकवायला आणतो. कशासाठी, असे ती विचारतात. माझ्याकडे अनेक उत्तरे आहेत, त्यातले एक त्या भिंतीवर आहे.

घरी करून पाहा (मोठ्या माणसाबरोबरच)

एक वाटी, एक मोठे पातेले आणि एक थर्मास घ्या. तिन्हींत एकाच वेळी सारखेच कोमट-गरम पाणी भरा. दर दहा मिनिटांनी थर्मामीटरने तापमान मोजा आणि तक्ता लिहा. कोण आधी निवते? का? तासाभराचा आलेख काढून पुढच्या शनिवारी वर्गात आणा. प्रयोगाला फक्त पाणीच वापरायचे, दुसरे काहीही नाही.

घरात पाळायचे नियम

१. लाकडाला लावायच्या जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून ढिगात टाकू नयेत. हवेशी क्रिया होऊन ती गंजीसारखीच आतून तापतात आणि पेटू शकतात. ती बाहेर मोकळी पसरून वाळवावीत किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत.
२. पोहण्याच्या तलावाची क्लोरीनची पावडर कोरडी आणि सावलीत ठेवावी. तिच्यात दुसरे कुठलेही रसायन किंवा दुसऱ्या जातीची क्लोरीन पावडर मिसळू नये.
३. रसायनाच्या बाटलीवरचे साठवणीचे तापमान वाचावे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बाटली ठेवू नये.
४. जे पालक कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत काम करतात त्यांनी प्रत्येक रसायनाच्या सुरक्षा-पत्रकातला दहावा भाग अवश्य वाचावा. स्थिरता आणि क्रियाशीलता यांची माहिती तिथेच असते.

शब्दार्थ

विघटन – पदार्थ मोडून त्याचे दुसरे पदार्थ होणे
गंजी – गवताचा किंवा कडब्याचा रचलेला ढीग
सळई – लोखंडाची लांब कांब
ठोकताळा – अनुभवावरून बांधलेला ढोबळ नियम
खेप – एका वेळी तयार होणारा माल
निवणे – थंड होणे
कासरा – बैलाला बांधायची दोरी
हाताबाहेर जाणे – आवरता न येणे

प्रश्न

१. आजोबांनी गंजी मोडून गवत का पसरले? 'पृष्ठभाग' हा शब्द वापरून उत्तर लिहा.
२. आपल्या उदाहरणात बाहेरची हवा ३० अंश आहे आणि पदार्थ ६० अंशांना पोचला. जमा किती, खर्च किती? पदार्थ सावरेल का?
३. दोन सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग आणि घनफळ काढा.
४. 'इतके दिवस काही झाले नाही' हे उत्तर का पुरत नाही? चार ओळी लिहा.
५. आजी-आजोबांना फोन करून विचारा : त्यांच्याकडे धान्य, गवत किंवा दुसरे काही साठवताना कोणती काळजी घेत? त्यांचेच शब्द वहीत उतरवून आणा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तपासायला उलटे पान बघू नका, तिथे काही छापलेले नाही. आधी सोडवा, मग वर्गात मला येऊन सांगा. आणि कुठे पिंप, डबा किंवा ढीग उगाच गरम लागला, तर लांब व्हा आणि लगेच मोठ्या माणसाला सांगा.

– तुमच्या वर्गातली एक आई